बल्ब 21 दिवस बंद करायचाच नाही?

जळगाव-भुसावळकडे कोंबडीची पिल्लं आणली की सांगणारे भेटतातच: "उबेसाठी लावलेला बल्ब 21 दिवस हलवू नका, बंद करू नका." या 21 दिवसांचं मूळ बहुधा अंडी उबवण्यात असावं. अंड्यातून पिल्लू निघायला 21 दिवस लागतात, ते खरं. पण त्याचा बल्बशी काय संबंध?

पिल्लाला पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी. आता मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा 42-44 वर असतो. पत्र्याच्या खोलीत त्यावर आणखी बल्ब म्हणजे पिल्लं भाजायचीच! दुपारी बल्ब बंद, पाणी सावलीत. डिसेंबरात मात्र धुळ्याकडे रात्री पारा 10 च्या खाली जातो, तेव्हा तीन आठवड्यांनंतरही ऊब लागते.

मग कळायचं कसं? पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय. चोच उघडी, पंख सैल सोडून कडेला पळाली असतील तर उकडतंय. सगळीकडे पसरून दाणे टिपत असतील, तर बल्बला हातही लावू नका. पिल्लांभोवती लावायचं पुठ्ठ्याचं कडं गोल असावं, कोपऱ्यात पिल्लं दाटून चेंगरतात. खाली नुसता गुळगुळीत पेपर नको, पाय फाकतात. भाताचं तूस बरं.

अंगावर पूर्ण पिसं आली, साधारण पाच-सहा आठवडे झाले, की खुराड्यात. आधी चार दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात तासभर सोडा, मांजर कुठंय ते बघून.