युनिटच्या पलीकडचं वीजबिल: नागपुरातल्या दुकान, दवाखाना आणि ऑफिसमालकांसाठी

मार्च सरत आला की वीजबिलाचा सल्ला देणाऱ्या आमच्याकडे एकाच तऱ्हेचे फोन येऊ लागतात. "या महिन्यात बिल इतकं कसं आलं?" ग्राहक युनिटचा आकडा सांगतात. आम्ही आधी दुसरा आकडा विचारतो, तो म्हणजे मीटरवर नोंदलेली कमाल मागणी. दहापैकी आठ जणांनी तो कधी पाहिलेलाच नसतो, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही, कारण तो कुणी समजावून सांगितलेलाच नसतो.

मंजूर भार २० किलोवॅटच्या वर असलेल्या व्यावसायिक जोडणीला महावितरणच्या बिलात दोन हिशेब असतात. महिनाभरात वीज किती वापरली, हा पहिला. एका वेळी जास्तीत जास्त किती खेचली, हा दुसरा. मीटर दर काही मिनिटांची सरासरी घेत राहतो आणि महिन्यातली सर्वांत मोठी सरासरी लक्षात ठेवतो. ती संविदा मागणीच्या, म्हणजे महावितरणशी करारात ठरलेल्या मर्यादेच्या, पुढे गेली, तर वरच्या केव्हीएवर (किलोव्होल्ट-अँपिअर, मागणी मोजायचं एकक) दीडपट दराने दंड लागतो. मे महिन्यातली एक दुपार त्याला पुरते.

ही मागणी केव्हीएत मोजतात, म्हणून पॉवर फॅक्टर, म्हणजे खेचलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, महत्त्वाचा. ६० किलोवॅटचा भार ०.८० पॉवर फॅक्टरवर ७५ केव्हीए होतो, तोच ०.९८ वर साधारण ६१. काम तेवढंच, पण मीटरवर १४ केव्हीए जास्त. पॉवर फॅक्टर सुधारणारे पॅनलमधले कपॅसिटर वर्षानुवर्षे कुणी तपासत नाही. उष्णतेने ते फुगतात, निकामी होतात, आणि दिवे-पंखे नीट चालत असल्यामुळे कुणाला कळत नाही. उलट, रात्री भार नसताना मोठे कपॅसिटर जोडलेलेच राहिले तर तेही नुकसानीचंच. आपोआप कमी-जास्त होणारं पॅनल त्यासाठीच लागतं.

आता थंडाव्याकडे येऊ, कारण नागपुरात खरा पैसा तिथेच जातो.

एसी २४ अंशांवर ठेवा, हे तुम्ही ऐकलं असेल. एक अंश वर नेला की एसीची वीज सुमारे ६ टक्के वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. पण आम्हाला त्याहून मोठी गळती दिसते ती बाहेरच्या युनिटमध्ये. सीताबर्डी किंवा इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत दोन भिंतींच्या फटीत एकावर एक पाच-सहा युनिट टांगलेले असतात. खालच्याने फेकलेली गरम हवा वरचा ओढतो. बाहेर ४५ अंश असताना त्या फटीत त्याहून कितीतरी जास्त तापमान असतं, आणि कॉम्प्रेसर सतत पूर्ण जोर लावतो. नवीन एसी घेण्याआधी युनिटची जागा बदला, कॉइल पाण्याने धुऊन घ्या, मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढून साफ करा. पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली द्या. आतला पडदा उजेड अडवतो, पण ऊन तोवर आत शिरलेलं असतं. गच्चीला पांढरा उष्णतारोधक लेप दिला, तर वरच्या मजल्याचा ताप लगेच उतरतो.

आणि आपला कूलर! मोठा कूलर दोनशे-तीनशे वॅटवर चालतो, दीड टनाचा एसी दीड किलोवॅटच्या आसपास घेतो. मार्च ते मे हवा कोरडी असते, तेव्हा गोदाम, जिना, रुग्णांच्या नातेवाइकांची बसायची जागा यांना कूलर उत्तम. मात्र एसीच्या खोलीत कूलर लावू नका, आत ओलावा वाढून एसीचं काम वाढतं. मृगाच्या सरी पडून हवा दमट झाली की कूलर बंद करायचाच.

सकाळी शटर उघडताच सगळे एसी, पंप, लिफ्ट एकदम सुरू करण्याची सवय मोडा. मजल्यामजल्यात वीस मिनिटांचं अंतर ठेवा, पाणी आधीच चढवून घ्या. पण स्पष्ट सांगतो, तुमची कमाल मागणी दुपारी तीन-चारला नोंदत असेल, तर यातून मागणी उतरणार नाही. तिथे सावली आणि साफसफाईच लागू पडते. म्हणून आधी मागणी कोणत्या वेळी चढते ते पाहतो, मग उपाय सांगतो.

एक तपासणी तुम्ही आजच करू शकता. दुकान बंद करताना मीटरचा आकडा लिहा, सकाळी उघडताना पुन्हा लिहा. १३ तासांत ३९ युनिट गेले, तर रात्रभर ३ किलोवॅट कुणी वापरत नसताना चालू होते. महिन्याला ते जवळपास १,१७० युनिट. बहुतेकदा वॉटर कूलर, जाहिरातीचे बोर्ड, चालू राहिलेले संगणक किंवा सर्व्हरच्या खोलीतला एसी सापडतो.

पंख्यांचा हिशेब सोपा आहे. ७५ वॅटचे ४० पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावले, तर दहा तासांच्या दिवसाला १८ युनिट वाचतात.

सोलरबद्दल बरेच जण विचारतात. नागपुरात एक किलोवॅटमागे वर्षभराच्या सरासरीने रोज ४ युनिटच्या आसपास मिळतात, आणि दिवसा चालणाऱ्या ऑफिसला ते सोयीचं आहे. पण पॅनल तापलं की उत्पादन घटतं, त्यामुळे मेमधल्या कडक उन्हाकडून फार अपेक्षा ठेवू नका. घरांना मिळणारं केंद्राचं अनुदान व्यावसायिक इमारतीला नाही. आणि ढगाळ दुपारी कमाल मागणी चढायची ती चढतेच. आमचं मत असं की आधी भार उतरवा, मग सोलर घ्या. तेव्हा लहान सोलर पुरेल.

भेटीला येताना मागच्या बारा महिन्यांची बिलं आणा. सगळी सापडली नाहीत तरी चालेल, पण मे आणि डिसेंबरचं बिल नक्की आणा.