राखेतला धातू

उन्हाळी कामं निघाली की सोलापुरात घरोघरी पापडखाराची पुडी येते. तो सोडियमचा क्षार. सोडियम आणि पोटॅशियम या धातूंची नावंही ठाऊक नव्हती, तेव्हापासून माणूस त्यांचे क्षार वापरत आला, आणि ते मिळायचे बरेचदा राखेतून. आयुर्वेदातला यवक्षार जवाच्या राखेचा. युरोपात लाकडाची राख पाण्यात कालवून, ते पाणी गाळून भांड्यात आटवत. भांड्यातली राख म्हणून ‘पॉटॅश’. ‘अल्कली’ हा अरबी शब्दही राखेवरूनच आला.

पण या पॉटॅशमध्ये धातू दडलाय हे १८०७ पर्यंत कुणाला दाखवता आलं नव्हतं. व्होल्टाची बॅटरी १८०० सालची. लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने पॉटॅश पाण्यात विरघळवून त्यात या बॅटरीची वीज सोडली, तर नुसते वायू निघाले. कोरड्या पॉटॅशमधून वीज जाईना. मग त्याने खडा हवेत जरासा दमट होऊ दिला आणि वीज जोडली. पोटॅशियमचे पाऱ्यासारखे चकचकीत थेंब दिसू लागले, काही जागीच पेटले. अठ्ठावीस वर्षांचा डेव्ही आनंदाने खोलीभर नाचला, असं तिथे हजर असलेल्या त्याच्या चुलतभावाने लिहून ठेवलंय. थोड्याच दिवसांत सोडियमही हाती आला.

या धातूंचे पुढचे भाऊबंद सावकाश सापडले. लिथियम १८१७ मध्ये, सिझियम १८६० आणि रुबिडियम १८६१ मध्ये, तर फ्रान्सियम थेट १९३९ मध्ये. सिझियम २८.५ अंशांना वितळतो, म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यात तो बंद नळीत पातळच राहणार.

सगळ्यांचा स्वभाव एकच. अणूच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, आणि तो सोडून द्यायची घाई. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत लिथियमकडून खाली जावं तसा तो इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब, त्याच्यावरची पकड सैल. म्हणून लिथियम पाण्यात नुसता फसफसतो, पोटॅशियम जांभळट ज्योतीने पेटतो. मागे उरतं कॉस्टिक पॉटॅशचं, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी. त्याचा सख्खा भाऊ कॉस्टिक सोडा इथल्या सूत रंगवणाऱ्यांच्या ओळखीचा आहे.

असा धातू पाण्यात टाकला की कधी कधी स्फोट का होतो, याचं उत्तर शाळेत एका वाक्यात मिळायचं: हायड्रोजन पेटतो. ते अपुरं होतं. वायू आणि वाफेचा थर धातू आणि पाण्यामध्ये आला तर अभिक्रिया मंदावायला हवी, पण ती भडकते! २०१५ मध्ये झेक रसायनशास्त्रज्ञ पावेल युंगवर्थ आणि सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने पाहिलं, तर हजारांश सेकंदाच्याही आत धातूच्या थेंबातून काटे फुटत होते. इलेक्ट्रॉन पाण्यात पळतात, मागे उरलेले धनभार एकमेकांना ढकलतात आणि थेंबाच्या चिंधड्या उडतात. प्रत्येक चिंधीला नवं पाणी भेटतं.

त्यांनी मुद्दाम सोडियम-पोटॅशियमचा द्रव मिश्रधातू घेतला होता. घट्ट तुकड्यावर ऑक्साइडची पापुद्र्यासारखी साय धरते आणि मग त्याचा भरवसा राहत नाही. प्रयोगशाळेत रॉकेलमधून काढलेला सोडियमचा तुकडा एकदा नुसता पाण्यावर भिरभिरतो आणि दुसऱ्यांदा काचेचं भांडं फोडतो, ते उगीच नाही.