हातमोजे आणि हातांची त्वचा

कामासाठी संरक्षक हातमोजे वापरणाऱ्यांच्या हातांना कोरडेपणा, खाज, भेगा, पुरळ किंवा इसब होणे हा व्यवसायजन्य त्वचाविकारांतील नित्याचा प्रकार आहे. परिचारिका, दंतवैद्य, केशकर्तनकार, सफाई कामगार, गवंडी यांच्यात तो विशेष आढळतो.

शस्त्रक्रियागृहात रबरी हातमोजे आले ते रुग्णासाठी नव्हे, एका परिचारिकेच्या हातांसाठी. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या सुमारास कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात जंतुनाशक मर्क्युरिक क्लोराइडने सोलवटले, तेव्हा शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ हातमोजे बनवून घेतले. (पुढे या दोघांचा विवाह झाला.) जंतुसंसर्ग टाळण्यासाठी त्यांचा वापर मागाहून रूढ झाला.

त्रास झाला की बहुतेकांना आधी ॲलर्जीचा संशय येतो. प्रत्यक्षात नुसता क्षोभ, म्हणजे ॲलर्जीविना त्वचेची होणारी जळजळ, हेच अधिक वेळा कारण असते. निरोगी, कोरड्या हातावर हातमोजा फारसे नुकसान करत नाही. मात्र वारंवार साबण लावून त्वचेतील स्निग्धांश निघून गेला असेल आणि त्यावर हातमोजा चढवला, तर आत अडकलेला घाम व साबणाचा अंश वरचा थर आणखी दुबळा करतात. ओल्या हातांवर घाईघाईने हातमोजे घालण्याची सवय म्हणूनच वाईट.

खरी ॲलर्जी दोन प्रकारची. पहिल्यात नैसर्गिक रबरातील (लॅटेक्समधील) प्रथिनांमुळे काही मिनिटांत गांधी उठतात, शिंका येतात, क्वचित दमही लागतो. हातमोज्यांतील पावडर ही प्रथिने हवेत पसरवते. अमेरिकेत पावडरयुक्त वैद्यकीय हातमोज्यांवर जानेवारी २०१७ पासून बंदी आहे. दुसऱ्या प्रकारात रबर पक्के करताना वापरलेली थायुराम, कार्बामेट यांसारखी रसायने कारणीभूत असतात. पुरळ दिवस-दोन दिवसांनी उठत असल्याने हातमोज्यावर संशयच जात नाही. ही रसायने नायट्राइल या कृत्रिम रबराच्या अनेक हातमोज्यांतही असतात, त्यामुळे लॅटेक्स सोडून नायट्राइल घेतल्याने दर वेळी सुटका होत नाही. या प्रकाराच्या निदानासाठी संशयित पदार्थ असलेल्या पट्ट्या पाठीवर ४८ तास लावून पॅच चाचणी करतात. गवंड्याची अडचण निराळी: ज्या क्रोमियममुळे सिमेंट बाधते, तेच कमावलेल्या चामड्याच्या हातमोज्यातही असू शकते.

आतून सुती अस्तर-मोजे घालणे, घामेजले की बदलणे आणि फाटलेला हातमोजा लगेच टाकणे उपयोगी ठरते. कारण फाटक्या जागेतून आत शिरलेले रसायन तिथेच कोंडून राहते. हात मळलेले नसतील तर ग्लिसरीनयुक्त अल्कोहोल द्रावण साबणापेक्षा सौम्य असते. ते झोंबले की लोक पुन्हा साबणाकडे वळतात, पण झोंबणे हे बहुधा आधीच पडलेल्या भेगांचे लक्षण असते. व्हॅसलिन, खोबरेल यांनी लॅटेक्स कमजोर होते, म्हणून ती काम संपल्यावर लावावीत. सुटीत हात सुधारणे आणि कामावर परतताच पुन्हा फुटणे ही व्यवसायजन्य कारणाची ठळक खूण समजतात. वरून बऱ्या दिसणाऱ्या त्वचेची संरक्षणक्षमता पूर्ववत व्हायला पुढे आणखी काही आठवडे लागतात. तोवर हातांना मलम लावणे बंद करू नये.