‘फाउंडेशन’चं पहिलं पुस्तक कोणतं?

“मामा, हेच पहिलं ना?” मडगावहून आलेल्या भाचीच्या हातात अमेरिकी विज्ञानकथाकार आयझॅक असिमॉवच्या ‘फाउंडेशन’ मालिकेतलं ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’ होतं. कथेतल्या काळाप्रमाणे पहिलं हेच. लिहिलं गेलं मात्र सहावं, १९८८ मध्ये.

मुळात ‘फाउंडेशन’ ही कादंबरी नव्हतीच. रोमन साम्राज्याचा ऱ्हास आकाशगंगेत नेऊन मांडायचं एकविशीतल्या असिमॉवने १९४१ साली ठरवलं आणि मे १९४२ पासून ‘अस्टाउंडिंग’ मासिकात कथा येऊ लागल्या. जानेवारी १९५० पर्यंत आठ झाल्या. १९५१ ते १९५३ मध्ये त्यांचे तीन खंड निघाले. सुरुवातीचं प्रकरण तेवढं पुस्तकासाठी नव्याने लिहिलं. म्हणून तर पहिल्या खंडात एखाद्या पात्रावर जीव जडतो न जडतो, तोच पुढची पिढी हजर!

माणसांच्या प्रचंड समूहाचं भविष्य गणिताने सांगायचं, ही त्यातली कल्पना; ते सांगणारा गणितज्ञ म्हणजे हॅरी सेल्डन. आपल्या गोव्यात जन्मलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर कोसंबी त्याच सुमारास तक्षशिलेची चांदीची नाणी तोलत होते. हाताळून नाणं झिजतं, वजन घटतं. त्यावरून आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, हे संख्याशास्त्राने शोधायचं. असिमॉवच्या पुस्तकांचा क्रम लावायला तराजू चालत नाही, एवढंच.

तीन खंडांनंतर जवळजवळ तीस वर्षं काही नाही. मग प्रकाशकाने पन्नास हजार डॉलर, नेहमीच्या दहापट, पुढे केले. असिमॉवने जुने खंड पुन्हा वाचले आणि यात नुसतं बोलणंच चाललंय, हे त्याच्याच लक्षात आलं. तरी १९८२ मध्ये चौथं आलं, १९८६ मध्ये पाचवं. तिथून पुढे वाट सुचेना, म्हणून तो मागे वळला. ‘प्रील्यूड’ हे असं आलं, आणि सातवं त्याच्या मृत्यूनंतर, १९९३ मध्ये. मधल्या काळात त्याने आपल्या यंत्रमानवांच्या कादंबऱ्याही या धाग्यात ओवल्या आणि ‘प्रील्यूड’च्या सुरुवातीला सगळ्यांची कथाकाळाप्रमाणे यादी दिली. गोंधळ वाढवला तो तिनेच. पुढे आणखी तिघा लेखकांनी तीन पुस्तकं जोडली. ती मी खुशाल सोडतो.

माझं मत विचाराल तर जुने तीन खंड, मन रमलं तर चौथं. पाचवं रेंगाळतं. आणि ‘प्रील्यूड’ आधी वाचलं, तर पुढे सावकाश उलगडणारं एक गुपित आधीच फुटतं.

भाचीला माझा पहिला खंड दिला, पावसाळ्याच्या दमटपणाने पानं फुगलेला. बस कुठ्ठाळीला पोचते तोच तिचा मेसेज: सेल्डनवर खटला सुरू झालाय.