घटना समितीतल्या एकमेव मुस्लिम बाई : बेगम ऐजाज रसूल

मुस्लिम महिला आणि संसद हा विषय निघाला की गाडी थेट शाहबानो नाहीतर तीन तलाकवर जाते, पण ही गोष्ट त्याच्या खूप आधीची आहे. घटना समितीत १५ बायका होत्या आणि त्यात मुस्लिम एकच, बेगम कुदसिया ऐजाज रसूल. माहेर मालेरकोटल्याच्या नवाबी घराण्यातलं, वडील सर झुल्फिकार अली खान, आणि सासर अवधमधल्या संडील्याचं, तेही तालुकदारांचं (मोठ्या जमीनदारांचं), म्हणजे दोन्हीकडे पैसा आणि दोन्हीकडे पडद्याची रीत.

१९३७ ला त्या संयुक्त प्रांताच्या (नंतरचा उत्तर प्रदेश) विधान परिषदेला उभ्या राहिल्या, तेही बायकांसाठी राखीव नसलेल्या जागेवरून. पडदा न पाळणाऱ्या बाईला मत देऊ नका असा फतवा निघाला होता, तरी निवडून आल्या, वर परिषदेच्या उपसभापतीही झाल्या. (स्वतः जमीनदारीण असून जमीनदारी मोडायला पाठिंबा देत होत्या, हे मला त्यांच्यातलं सगळ्यात भारी वाटतं.)

आता गोम अशी की बाई मुस्लिम लीगच्या. हे वाचून बरेच जण तिथेच फुली मारतात, पण पुढचं बघा. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांपासून मुसलमानांना विभक्त मतदारसंघ होते, म्हणजे मुसलमान उमेदवाराला मत फक्त मुसलमानच देणार, आणि लीगचं सगळं राजकारण त्यावरच उभं. फाळणीनंतर घटना समितीत प्रश्न आला की अल्पसंख्याकांना निदान राखीव जागा तरी ठेवायच्या का. सरदार पटेलांच्या सल्लागार समितीने मे १९४९ मध्ये त्या काढायची शिफारस केली तेव्हा मद्रासचे लीगचे नेते मोहम्मद इस्माईल विभक्त मतदारसंघच हवेत म्हणून अडून बसले होते, आणि बेगम मात्र उभं राहून म्हणाल्या की हे आरक्षण म्हणजे आपलाच घात करणारं हत्यार आहे, अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचं तोडणारं. त्या काळात, त्या वातावरणात, स्वतःच्या बाकावरच्या लोकांच्या विरोधात हे बोलायला काय लागत असेल! त्या बरोबर होत्या का यावर आज वाद घालता येईल, कारण पुढे लोकसभेत मुस्लिम बायका किती कमी पोचल्या ते दिसतंच आहे, पण त्यांनी ते सोयीसाठी म्हटलं असं मला तरी वाटत नाही, बायकांच्या राखीव जागेचा आधार न घेता त्या आधीच जिंकून दाखवून बसल्या होत्या.

नंतर काँग्रेस, १९५२ ला राज्यसभा, मग १९६९ ते ७१ उत्तर प्रदेशात समाजकल्याण आणि अल्पसंख्याक खात्याच्या मंत्री. शिवाय महिला हॉकी फेडरेशनचं अध्यक्षपद तब्बल २० वर्षं, त्यांच्या नावाचा कपही आहे. २००० मध्ये पद्मभूषण मिळालं आणि २००१ मध्ये त्या गेल्या.