चुकलेली तारीख आणि संपलेला हक्क

आइस हॉकीतला कॉलेजचा एखादा गुणी खेळाडू त्याला निवडणाऱ्या क्लबच्या हातून निसटला की एकच वाक्य कानावर येतं: "ऑफिसातले लोक त्याची सही घ्यायचं विसरले." अमेरिकेत राहून एनएचएल, म्हणजे तिथली आइस हॉकीची सर्वांत मोठी व्यावसायिक लीग, पाहणारे आपले लोकही हेच म्हणतात, आणि दर वेळी मला तेच समजावून सांगावं लागतं. क्लबच्या ऑफिसात चूक होणं ही एक गोष्ट आहे आणि क्लबचा हक्क मुदतीने संपणं ही दुसरी. दोन्हींचा शेवट सारखा दिसतो, कारण दोन्हींत खेळाडू मोकळा होतो. पण पहिलीत दोष क्लबचा असतो, दुसरीत बहुतेक वेळा कुणाचाच नसतो.

या गोंधळाचं मूळ आयपीएलच्या लिलावात आहे असं मला वाटतं. लिलाव सगळ्यांना पाठ आहे: बोली लागते, हातोडा पडतो, खेळाडू त्या संघाचा होतो आणि रक्कमही तिथेच ठरते. त्यावर अधिक लिहायची गरज नाही. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्या वार्षिक कार्यक्रमात, मात्र यातलं काहीच होत नाही. क्लब अठरा वर्षांच्या मुलाचं नाव पुकारतो, मुलगा व्यासपीठावर येऊन जर्सी घालतो, फोटो निघतात. पैसा दिला जात नाही आणि करारही होत नाही. क्लबला मिळतो तो फक्त बोलणी करायचा हक्क: लीगमधले बाकीचे क्लब या मुलाशी करार करू शकत नाहीत, एवढंच. "अमुक संघाने त्याला घेतलं" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. घेतलं नाही, निवडलं. घेण्यासाठी अजून त्याची सही व्हायची असते.

कॉलेजच्या मुलाच्या बाबतीत ही सही वर्षानुवर्षं लांबते आणि ते दोघांच्याही सोयीचं असतं. व्यावसायिक करारावर सही केली की त्याचं कॉलेज हॉकी तिथेच थांबतं. नुसतं ड्राफ्टमध्ये नाव आल्याने थांबत नाही. म्हणून तो हार्वर्डकडून, मिशिगनकडून किंवा मिनेसोटाकडून खेळत राहतो, शिकतो, अंगाने भरतो, आणि क्लब एक डॉलरही न देता लांबून पाहत राहतो. हा हक्क अर्थात कायमचा नसतो. ड्राफ्टनंतर वेळेत कॉलेजात दाखल होऊन जो मुलगा चारही वर्षं पूर्ण करतो, त्याच्यावरचा हक्क पदवीच्या वर्षी 15 ऑगस्टला संपतो. क्लबमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सामूहिक करारातच तसं लिहिलेलं आहे. (2026–27 च्या हंगामापासून नवा सामूहिक करार लागू होतो. इथले नियम आणि घटना त्याआधीच्या करारांच्या काळातल्या आहेत.)

आता खरी कागदी चूक कशी असते ते पाहा. 2009 च्या उन्हाळ्यात शिकागो ब्लॅकहॉक्सकडे असे काही तरुण खेळाडू होते ज्यांचे करार संपत होते, पण ज्यांच्यावरचा पहिला हक्क क्लबचाच राहू शकत होता. त्यासाठी क्लबने फक्त एक करायचं असतं: ठरलेल्या तारखेच्या आत प्रत्येकाला क्वालिफाइंग ऑफर, म्हणजे किमान ठरलेल्या पगाराचा लेखी प्रस्ताव, पोचवायचा. खेळाडूने हो म्हणायची गरज नसते. प्रस्ताव वेळेत गेला की हक्क शाबूत राहतो. शिकागोचे प्रस्ताव मुदत उलटल्यावर पोचले. खेळाडूंच्या संघटनेने तक्रार दाखल केली. क्रिस व्हर्स्टीग आणि कॅम बार्कर फुकट हातचे जातील या धास्तीने क्लबने दोघांशी घाईघाईने तीन-तीन वर्षांचे करार केले, प्रत्येकाला वर्षाला 30 लाख डॉलरांहून थोडे अधिक देऊन. त्याच महिन्यात जनरल मॅनेजर डेल टॅलन यांना पदावरून हलवून स्टॅन बोमन यांना आणलं गेलं. 2010 मध्ये या संघाने स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला, पण संघाच्या एकूण पगाराची कमाल मर्यादा इतकी ताणली गेली होती की त्याच उन्हाळ्यात व्हर्स्टीगसह अनेकांना सोडून द्यावं लागलं. कागदी चूक म्हणतात ती याला.

लोक नेमके अडतात ते इथे, म्हणून इथेच थांबून सांगतो. शिकागोला जे करायचं होतं ते पूर्णपणे शिकागोच्या हातात होतं. पत्र लिहायचं, पाठवायचं, वेळेत पोचलं का ते पाहायचं. समोरच्याचा होकार लागत नव्हता. असं एकतर्फी काम राहून गेलं की त्याला चूक म्हणायचं. कॉलेजच्या मुलाशी करार करणं हे एकतर्फी काम नाही. क्लब पहिल्या दिवसापासून प्रस्ताव देईल, रोज फोन करेल, प्रशिक्षकाला त्याच्या गावी धाडेल. मुलाला सही करायची नसेल तर जगातला सर्वांत चोख कारकूनही काही करू शकत नाही. म्हणून "क्लबने सही घेतली नाही" हे वाक्यच मला खटकतं. सही घ्यायची नसते, ती द्यावी लागते, आणि देणारा दुसरा असतो.

जिमी व्हेसीचं उदाहरण घ्या. नॅशव्हिल प्रेडेटर्सनी त्याला 2012 मध्ये तिसऱ्या फेरीत निवडलं. तो हार्वर्डमध्ये चार वर्षं खेळला आणि 2016 मध्ये कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार त्याने मिळवला. नॅशव्हिलला तो हवाच होता, त्यांनी तसे प्रयत्नही केले. त्याने नकार कळवला. मग जूनमध्ये नॅशव्हिलने त्याच्यावरचा हक्क बफेलो सेबर्सना दिला आणि बदल्यात तिसऱ्या फेरीची एक निवड घेतली. म्हणजे बफेलोने दोन महिन्यांपेक्षाही कमी काळाच्या बोलणीसाठी ड्राफ्टमधली एक निवड मोजली! कागद विसरणारे लोक असं करत नाहीत. तारीख दोन्ही क्लबना तोंडपाठ होती. 15 ऑगस्ट उलटला, व्हेसी मोकळा झाला, आणि काही दिवसांतच त्याने न्यूयॉर्क रेंजर्सशी करार केला. या प्रकरणात कारकुनाचं नाव घेणं अन्यायाचं आहे.

अशा मुलाला लोभी म्हणणंही तितकंच चूक आहे. नवख्या खेळाडूच्या पहिल्या कराराला लीगने मर्यादा घातलेली असते. 2016 मध्ये मूळ पगार वर्षाला जास्तीत जास्त 9,25,000 डॉलर होता, आणि बोनसलाही वरची हद्द होती. नॅशव्हिल असो, बफेलो असो की न्यूयॉर्क, त्याहून जास्त कुणीच देऊ शकत नव्हतं. मुलाने निवडला तो संघ: कुठे खेळायला मिळेल, कुणाच्या हाताखाली, घरापासून किती लांब. अठराव्या वर्षी दुसऱ्यांनी ठरवलेला पत्ता बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी त्याने स्वतः ठरवला, त्यात मला गैर काही दिसत नाही.

चार वर्षं पूर्ण न करता बाहेर पडणाऱ्यांचा नियम थोडा वेगळा आहे. ड्राफ्टनंतरचा चौथा 1 जून, किंवा कॉलेज सोडल्याची खबर लीगला मिळाल्यावर 30 दिवस, यांतलं जे नंतर येईल तोवर क्लबचा हक्क टिकतो. ब्लेक व्हीलरला फीनिक्सने 2004 मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडलं होतं. तो 2008 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून बाहेर पडला आणि बॉस्टनला गेला. जस्टिन शुल्ट्झला अॅनाहाइमने 2008 मध्ये निवडलं. 2012 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठ सोडून तो एडमंटनला गेला. दोघांच्याही ड्राफ्टला तोवर चार वर्षं झालेली होती. यापलीकडे यात काही गूढ नाही.

तरी याला सर्रास "पळवाट" म्हटलं जातं, आणि या शब्दाचा मला मनापासून राग आहे. ज्या कलमावर क्लबमालकांच्या प्रतिनिधींनी स्वतः सही केली, ज्यात तारीख आकड्यात दिली आहे, ती पळवाट कशी? खरी पळवाट हवी असेल तर माइक व्हॅन रिनचं प्रकरण वाचा. न्यू जर्सीने 1998 मध्ये पहिल्या फेरीत निवडलेला हा मुलगा मिशिगन विद्यापीठात दोन वर्षं खेळला आणि मग कॉलेज सोडून कॅनडातल्या ज्युनियर लीगमध्ये, म्हणजे कॉलेजबाहेरच्या तरुण खेळाडूंच्या लीगमध्ये, सार्नियाकडून खेळायला गेला. कॉलेजची मुलं आणि ज्युनियरची मुलं या दोन गटांचे नियम एकमेकांना जिथे नीट जुळत नव्हते, तिथून तो बाहेर पडला. प्रकरण लवादापर्यंत गेलं, लवादाने त्याला मोकळं ठरवलं, आणि 2000 मध्ये तो सेंट लुईसला गेला. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात नसलेला रस्ता त्याला सापडला होता. व्हेसीचा रस्ता त्यांनीच आखून ठेवलेला होता.

तारीख चुकवून क्लब ड्राफ्टमधला मुलगा खरोखर गमावू शकतो, पण तो धोका ज्युनियर लीगमधल्या मुलांच्या बाबतीत. त्यांच्यावरचा हक्क टिकवायला ड्राफ्टनंतरच्या पहिल्या 1 जूनच्या आत रीतसर लेखी प्रस्ताव द्यावा लागे. तो राहिला तर चूक क्लबचीच. आधीच कॉलेजात असलेल्या मुलासाठी ती पायरीच नव्हती. तेव्हा बातमी वाचताना आधी पाहायचं की मुलगा ज्युनियरचा की कॉलेजचा, आणि मग त्या तारखेला क्लबला एकट्याने काही करायचं होतं की नाही. बाकी तपशील मागाहून.

शिकागोची गोष्ट थोडी पुढे जाते. त्या उशिरा पोचलेल्या पत्रांमुळे महागात पडलेल्या कॅम बार्करला त्यांनी फेब्रुवारी 2010 मध्ये मिनेसोटा वाइल्डला दिलं. बदल्यात किम यॉन्सन हा अनुभवी बचावपटू आला, आणि मिनेसोटा विद्यापीठात पहिल्याच वर्षाला असलेल्या निक लेडीवरचा हक्क आला. लेडीने त्यानंतर शिकागोशी करार केला, आणि 2013 च्या स्टॅन्ली कपमध्ये तो त्यांच्या बचावफळीत होता.