‘अल-अमीन’ : मक्केच्या बाजारपेठेने दिलेली पदवी

रबीउल अव्वल, म्हणजे पैगंबर मुहम्मद साहेबांच्या जन्माचा महिना लागला की पुण्यातल्या कॅम्प, भवानी पेठ, मोमीनपुरा इथल्या गल्ल्यांत हिरव्या कमानी उभ्या राहतात. कमानींवर पैगंबरसाहेबांची नावं आणि पदव्या असतात : ‘रहमतुल्लिल आलमीन’, ‘मुस्तफा’, ‘खातमुन्नबिय्यीन’. त्यांतच बहुधा एका कोपऱ्यात ‘अल-अमीन’ असतं. बाकीच्या पदव्यांचा अर्थ समजावून सांगावा लागतो. या पदवीचं सख्खं भावंड मात्र पुण्यात भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाच्या कपाटात, फाइलमध्ये पडलेलं आहे. भाडेकरारातलं ‘अनामत रक्कम’ हे कलम काढून पाहा. अरबी ‘अमानत’ मराठीत येताना अक्षरांची अदलाबदल होऊन ‘अनामत’ झाली. अमानत ज्याच्यापाशी निर्धास्त ठेवावी, तो अमीन.

अलिफ, मीम, नून या तीन अक्षरांच्या धातूत निर्धास्तपणाचा, सुरक्षिततेचा भाव आहे. ‘अमन’ त्यातूनच आलं, ‘इमान’ त्यातूनच आणि दुआच्या शेवटी म्हणतात ते ‘आमीन’ही याच घरचं मानतात. पैगंबरसाहेबांच्या आईचं नाव आमिना, तेही याच धातूचं.

या पदवीचं वेगळेपण मला एका गोष्टीत वाटतं. ‘रसूल’, ‘नबी’ ही नावं श्रद्धेतून येतात. ती मानणाऱ्याने मानायची. ‘अल-अमीन’ हे नाव सीरतग्रंथांच्या, म्हणजे पैगंबरचरित्रांच्या सांगण्यानुसार मक्केतल्या कुरैश टोळीच्या लोकांनी दिलं, तेही 610 मध्ये हिरा गुहेत पहिली ‘वही’, म्हणजे ईश्वरी संदेश, उतरण्याच्या कितीतरी आधी. तेव्हा मुसलमान असं कुणी नव्हतंच. देणारे होते व्यापारी, काफिलेवाले, शेजारीपाजारी.

मक्का शेतीचं गाव नव्हतं. दरीत पीक येत नसे, पोट भरायचं ते काफिल्यांवर. एकाने भांडवल घालायचं, दुसऱ्याने माल घेऊन सीरियापर्यंत जायचं आणि महिन्यांनी परतल्यावर हिशेब द्यायचा. वाटेत काय भावाने विकलं, हे पाहायला मालक तिथे नसायचा. अशा व्यापारात माणसाचा शब्द हीच हुंडी. व्यापार करणाऱ्या बीबी खदीजांनी आपला माल तरुण मुहम्मद साहेबांच्या हाती दिला, सोबत आपला गुलाम मैसरा पाठवला आणि परतीचा हिशेब पाहून, मैसराकडून सगळं ऐकून, पुढे विवाहाचा निरोपही स्वतःहून पाठवला. परंपरेनुसार त्या वेळी पैगंबरसाहेब 25 वर्षांचे होते.

पदवी सगळ्यांत स्पष्ट ऐकू येते ती काब्याच्या, मक्केतल्या पवित्र वास्तूच्या, बांधकामात. हा प्रसंग त्यांच्या वयाच्या पस्तिसाव्या वर्षीचा, म्हणजे 605 च्या सुमाराचा. जुनी भिंत उतरवून कुरैश घराणी नवी बांधत होती. काळा दगड, हजर-ए-अस्वद, जागेवर बसवायची वेळ आली आणि मान कुणाचा यावरून तंटा पेटला. मरेपर्यंत लढू, अशा शपथा झाल्या. अखेर अबू उमय्या या वयोवृद्धाने सुचवलं, आता या दारातून पहिला जो आत येईल त्याचा निवाडा मान्य करू. आत आले ते मुहम्मद साहेब. लोक म्हणाले, “हा तर अल-अमीन! आम्हाला मंजूर आहे.” त्यांनी एक वस्त्र मागवलं, दगड मधोमध ठेवला, प्रत्येक घराण्याच्या प्रमुखाला एकेक कडा धरायला लावली. सगळ्यांनी मिळून उचलला. जागेपाशी आल्यावर त्यांनी आपल्या हाताने बसवला. गणपतीच्या मिरवणुकीत कोण आधी, कोण नंतर यावर पुण्यात किती पिढ्या वाद झाले हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या चादरीचं मोल वेगळं सांगायला नको.

पुढचा भाग अधिक विलक्षण. पैगंबरपदाची घोषणा झाल्यावर हेच कुरैश विरोधात गेले. सफा टेकडीवर पैगंबरसाहेबांनी लोकांना विचारलं होतं : या डोंगरामागून घोडदळ चालून येतंय असं सांगितलं तर मानाल? लोक म्हणाले, मानू, तुमच्याकडून खोटं कधी ऐकलं नाही. आणि त्याच बैठकीत खुद्द चुलत्याने, अबू लहबने, त्यांना शाप दिला. कुरैशांनी संदेश नाकारला, छळ केला, बहिष्कार टाकला. पण पैगंबरसाहेबांपाशी ठेवलेल्या ठेवी काढून नेल्या नाहीत. 622 मध्ये मारेकरी त्यांच्या घराला वेढा घालून बसले, तेव्हा त्याच घरात मक्केतल्या लोकांच्या अमानती होत्या. पैगंबरसाहेब रात्री निघाले. त्यांचे चुलतभाऊ हजरत अली मागे थांबले, तीन दिवस मक्केत राहिले, ज्याची त्याची ठेव पोचती केली आणि मगच मदिनेच्या वाटेला लागले. जीव घ्यायला निघालेल्या गावाची ठेव बुडवायला सबब किती सोपी होती! मला ‘अल-अमीन’चा अर्थ या तीन दिवसांत सापडतो.

इथे एक नोंद हवी. ही हकीकत आपल्याला इब्न इस्हाक आणि त्याचा ग्रंथ संपादित करणारा इब्न हिशाम यांच्याकडून मिळते. इब्न इस्हाक 767 च्या आसपास वारला, म्हणजे घटनांनंतर शतकाहून अधिक काळ लोटला होता. कुरआनात मुहम्मद साहेबांचं नाव घेऊन ‘अल-अमीन’ म्हटलेलं नाही. पण शब्द तिथे जागोजागी आहे. सूरह (अध्याय) शुअरामध्ये नूह, हूद, सालेह, लूत आणि शुऐब असे पाच पैगंबर आपापल्या लोकांना एकाच वाक्यात ओळख देतात : मी तुमच्याकडे आलेला अमीन रसूल आहे. त्याच सूरहमध्ये वही आणणाऱ्या जिब्रील या देवदूताला ‘रूहुल अमीन’ म्हटलंय. ‘तीन’ नावाच्या सूरहमध्ये मक्का शहरच ‘बलदिल अमीन’, म्हणजे सुरक्षित शहर, होतं. मूसा यांना कामावर ठेवा असं वडिलांना सांगणारी मुलगी कारण देते, की ठेवावा तर ताकदवान आणि अमीन माणूस. आणि ठेवी ज्याच्या त्याला परत करा, ही तर सूरह निसामधली थेट आज्ञाच.

या आज्ञेवर पुढे फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या अभ्यासकांनी बारीक नियम रचले. ठेव ठेवून घेणाऱ्याचा हात दोन प्रकारचा : अमानतीचा आणि जमानतीचा. अमानत सांभाळताना निष्काळजीपणा न करताही चोरीला गेली तर सांभाळणाऱ्यावर भरपाई नाही. पण त्याने ती परवानगीशिवाय वापरली, की हात बदलला, जबाबदारी अंगावर आली. मराठीतला ‘जामीन’ या दुसऱ्या शब्दाच्या कुळातला. उच्चार ‘अमीन’शी जुळतो, धातू वेगळा.

हे नियम मला कोणत्याही मदरशाच्या आधी नानीच्या ट्रंकेत दिसले. मोहल्ल्यातलं कुणी हजला किंवा गावी निघालं, की डाग, पैसे नानीकडे आणून ठेवायचं. प्रत्येकाची वेगळी पुरचुंडी, गाठीत नावाची चिठ्ठी. नानीला वाचता येत नव्हतं, म्हणून ती कापडाचा रंग लक्षात ठेवायची. एकदा दूधवाल्याला द्यायला सुटे नव्हते आणि मी एका पुरचुंडीतली दहाची नोट काढून शंभराची ठेवतो म्हणालो. पैसे उलट वाढतच होते. नानीने हात धरला. “अमानत है वो, हात नक्को लगा.” जी नोट दिली, तीच नोट परत. दूधवाला संध्याकाळी पुन्हा आला.

मराठीने या धातूचे शब्द किती आपलेसे केले ते पाहण्यासारखं आहे. जुन्या कारभारात मक्त्याने न देता सरकारने स्वतःच्या हाताखाली ठेवलेला महाल ‘अमानी’. जन्मभर चाकरी केलेल्याला आपण ‘इमानेइतबारे’ म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागणारा ‘इमानी’, न जागणारा ‘बेइमान’. ‘अनामत’चा प्रवास मात्र उलटा झाला. विधानसभेच्या उमेदवाराने 10 हजार रुपये भरायचे, लोकसभेच्या 25 हजार. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली नाहीत, की ‘अनामत जप्त’. नियम योग्यच आहे, तक्रार त्याच्याशी नाही. पण जी वस्तू परत करण्यासाठीच ठेवून घ्यायची, तिच्याच नावापुढे ‘जप्त’ लागलेलं पाहून शब्दाचं वाईट वाटतं.

मोमीनपुऱ्यातून फुलेवाडा चालत जाण्याइतका जवळ. जोतीरावांनी पैगंबरसाहेबांवर मराठीत काव्य रचलं, त्याचं नाव ‘मानव महंमद’. रसूल, नबी या पदव्या त्यांनी शीर्षकात घेतल्या नाहीत. पैगंबरपदाच्या आधी मक्केच्या लोकांनी ज्याच्या हवाली आपला पैसा केला तोही, त्यांच्या लेखी, माणूसच होता.